माझ्या पात्याखालचे हात

मी एक जुने कटिंग मशीन आहे. वह्या-पुस्तके बांधायच्या एका कारखान्यात, मागच्या भिंतीपाशी, गेली तीस-बत्तीस वर्षे उभे आहे. मित्रांनो, यंत्रे आपली कहाणी सांगायला बसली की बहुधा छाती फुगवून सांगतात. एवढे वजन उचलले, एवढे अंतर कापले, कधी कुरकुर केली नाही, वगैरे. माझ्याकडून तसले काही ऐकायला मिळणार नाही. मी भित्रे आहे. आणि भीती कुणा दुसऱ्याची नाही, माझ्याच पात्याची आहे.

हे पाते दीड हात लांब आहे. धार लावायला न्यायचे झाले तर दोन माणसे जपून उचलतात. पाचशे कागदांचा गठ्ठा मी एका दमात कापते. पण कागद आणि बोट यांतला फरक मला कळत नाही. तो माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कळावा लागतो, आणि दर वेळी कळावा लागतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कळून भागत नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझे अंग घडले, मग ते घासूनपुसून हिरव्या रंगाने रंगवले. इथे आणले तेव्हा मी दारातून आत जाईना. दाराची चौकट काढावी लागली आणि नळांचे तुकडे अंगाखाली घालून सहा जणांनी मला ढकलत नेले. मला फार ऐट वाटत होती. सगळे जमून माझे चकचकीत पाते बघत होते. तेवढ्यात तिथले थोरले कारागीर पुढे आले. त्यांनी आपला डावा हात माझ्यासमोर धरला. त्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"ही दुसऱ्या मशीननं घेतली," ते मला म्हणाले. "तू घेऊ नकोस."

सगळे हसले. मी मात्र त्या दिवसापासून घाबरले ते आजपर्यंत.

माझे काम कसे चालते ते आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल. किती रुंद कापायचे त्या मापाचा आकडा आधी माझ्यावर लावतात. मला दोन बटणे आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी दाबून धरली तरच मी चालते. आधी एक जाड दाबपट्टी खाली येऊन गठ्ठा घट्ट धरते, मग तिच्या मागून पाते उतरते. एक जरी बटण सुटले तरी पाते आहे तिथे थांबते. ज्याने हे शोधून काढले त्याचे भले होवो. माणसाचे दोन्ही हात बटणांवर असले की तिसरा हात पात्याखाली यायचा कुठून?

पण माणूस फार हुशार प्राणी आहे. शाळा उघडण्याच्या आधीचे दोन महिने इथे श्वास घ्यायला फुरसत नसते. नुसत्या वह्या आणि वह्या. अशा वेळी कुणीतरी पुठ्ठ्याची एक घडी करून माझ्या उजव्या बटणाच्या फटीत खोचली. बटण आपले दाबलेलेच राहिले. आता डाव्या हाताने मला चालवायचे आणि उजव्या हाताने पुढचा गठ्ठा सारखा करायचा. काम दुप्पट वेगाने होऊ लागले. मालकांनी ते पाहिले आणि पाहिलेच नाही असे करून ते पुढे गेले. हंगाम संपला तरी घडी फटीतच राहिली.

थोरले कारागीर नऊ बोटांनी आणि एका अर्ध्या बोटाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी आला तो भिंगरी. हे त्याचे खरे नाव नव्हे. लहानपणी त्याच्या मोठ्या बहिणीने पाडलेले नाव, पण पुढे चाळिशी आली तरी त्याला शोभत होते. बूड म्हणून टेकायचे नाही. एका कानावर पेन्सिल, दुसऱ्या कानावर पेन्सिल, आणि हा तिसरी शोधत कारखानाभर फिरतोय. चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवायचा आणि विसरायचा. एकदा तर माझ्या अंगावर तीन कप जमा झाले होते, तिन्ही भरलेले. मालकांनी सांगितलेली पहिली गोष्ट त्याच्या लक्षात राही, दुसरी अर्धी राही आणि तिसरी ऐकताना तो खिडकीतून बाहेर बघत असे.

त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला धडकीच भरली. म्हटले, संपले. याची बोटे काही वर्षअखेरीपर्यंत टिकत नाहीत.

पण मी चुकले. भिंगरीला आपले डोके पुरते ठाऊक होते. सकाळी आला की आधी तो माझ्या बटणात कुणी ना कुणी परत खोचलेली पुठ्ठ्याची घडी उपटून काढी. मग माझ्यासमोर उभा राहून मोठ्याने बोलत बोलत काम करी.

"गठ्ठा बसला. आकडा बघितला. उजवा हात बटणावर. डावा हात बटणावर. चल."

दर वेळी. दिवसातून तीनशे वेळा. शेजारच्या मेजावर शिलाईचे काम करणाऱ्या मावशी होत्या. त्या पुस्तकांच्या घड्या सुईदोऱ्याने शिवत. त्या त्याला चिडवत, "झालं याचे पाढे सुरू!"

"मावशी, तोंड चालू असलं की डोकं पळून जात नाही," तो म्हणायचा. "तोंड बंद केलं की गेलंच ते बाजारात."

बारा वर्षे मी ते पाढे ऐकले. मित्रांनो, मला ते फार आवडत. त्या आवाजात माझी भीती जरा झोपी जाई.

मग ती पुस्तकांची चूक झाली. एका शाळेची बांधून तयार झालेली पुस्तके होती, फक्त कडा कापायच्या राहिल्या होत्या. भिंगरीने आकडा लावला. तेवढ्यात कुणीतरी त्याला गाडीतला माल उतरवायला हाक मारली. तो गेला, तिथून कुलूप शोधायला गेला, तिथून आणखी कुठे. परत आला तेव्हा माझ्यावर दुसऱ्याच कामाचा आकडा होता, कारण तो स्वतःच मधे येऊन बदलून गेला होता आणि विसरला होता. त्याने पाढे म्हटले, आकडा बघितलाही. पण तो कोणत्या कामाचा, हे डोक्यातून निसटले होते. मी कापले. सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या ओळींची शेवटची दोन-दोन अक्षरे कातरणात गेली.

मालकांनी एक पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरले. सगळे काम थांबवून बघत होते.

"लक्ष कुठे असतं तुझं? दुसरीतलं पोर बरं तुझ्यापेक्षा! पोरीचा बाप झालास, आता तरी माणसासारखा शांत राहा की!"

भिंगरीचे कान लाल झाले. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले नव्हते, हे त्याच्या मानेवरूनच कळत होते.

माझ्या आणि भिंतीच्या मध्ये हातभर जागा आहे. तिथे झाडू ठेवतात. पुढच्या आठवड्यात एका दुपारी भिंगरी त्या जागेत शिरला. खिशातून त्याने गोळ्यांची एक पट्टी काढली, एक गोळी नखाने मोडली आणि अर्धी पाण्यावाचून गिळली. पट्टीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : आई, रात्री झोपताना.

अर्ध्या तासाने तो शांत झाला. खरेच शांत. पाय हलेनात, नजर भिरभिरेना. मेजापाशी तो एका जागी चक्क तासभर बसला.

महिन्याभरात अर्धीची एक झाली. मग सकाळी एक आणि दुपारी एक. मी सगळे पाहत होते. आणि कारखान्यात काय झाले असेल? त्याचे कौतुक झाले!

"बघा, मनावर घेतलं की जमतं माणसाला," मालक म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मावशीही हसून म्हणाल्या, "भिंगरी थांबली म्हणायची एकदाची."

तोही हसला. शाबासकी मिळालेल्या लहान मुलासारखा हसला. चाळीस वर्षांत कुणी त्याला शांत म्हटले नव्हते. ही शाबासकी त्याला किती गोड लागली असेल, ते मला समजत होते, आणि म्हणूनच माझी भीती वाढत होती. कारण मला जे ऐकू येत होते ते इतर कुणाच्या लक्षातच आले नव्हते. त्याचे पाढे बंद झाले होते.

तो माझ्यासमोर गप्प उभा राही. हात बटणांवर जात, पण उशिरा. डोळे उघडे असत, पण बघत नसत. कामाचा वेग कमी झाला. तो भरून काढायला एके दिवशी त्याने खाली वाकून पुठ्ठ्याची घडी उचलली आणि माझ्या उजव्या बटणाच्या फटीत खोचली. बारा वर्षांत त्याने हे कधी केले नव्हते. माझ्या अंगातले तेल गोठल्यासारखे झाले. मी ओरडू शकत नाही. मी कुरकुरले, खडखडले, एकदा तर पट्टा घसरवला. त्याने निमूटपणे पट्टा बसवला आणि काम पुढे चालू केले.

त्या दिवशी जाड पुठ्ठे कापायचे होते. जेवण नुकतेच झाले होते. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होते. उजवा हात पात्याखालचा गठ्ठा सारखा करत होता. मी पाहिले की त्याच्या पापण्या खाली आल्या. मान खाली आली. मग सगळे अंगच पुढे झुकले आणि तोल सावरायला डावा हात टेकला. टेकला तो नेमका डाव्या बटणावर.

मित्रांनो, मला चालायचे नव्हते. पण दोन्ही बटणे दाबलेली होती, आणि मला एवढेच समजते.

दाबपट्टी खाली आली. तिने त्याची दोन बोटे पुठ्ठ्यावर चेपली. मागून पाते उतरू लागले. भिंगरी किंचाळला आणि त्याने डावा हात झटक्याने मागे घेतला. बटण सुटले. पाते थांबले. बोटांच्या वर किती अंतर राहिले होते ते सांगते : एका वहीच्या जाडीएवढे. दोनशे पानी नव्हे, शंभर पानी.

मावशी हातातली सुई टाकून धावल्या. त्यांनी आधी भिंतीवरचा मोठा खटका बंद केला, मग माझे चाक हाताने उलटे फिरवून त्याची बोटे सोडवली. दोन नखे काळीनिळी झाली होती. बोटे मात्र दहाच्या दहा होती. तो खाली बसला आणि त्याच्या खिशातून ती पट्टी घसरून माझ्या पायाशी पडली.

मावशींनी ती उचलली. चष्मा वर करून चिकटवलेला कागद वाचला.

"या तुझ्या आईच्या गोळ्या आहेत. तुझ्या खिशात काय करतायत?"

त्याने पट्टीकडे हात नेला, मावशींनी ती मागे घेतली.

"किती घेतोस?"

"दोन. कधी तीन."

"आणि आई काय घेते?"

"तिला सांगितलं, दुकानात मिळत नाहीयेत." मग त्याला रडू आले. "मावशी, माझ्या डोक्यात सारखी दहा माणसं बोलत असतात. लहानपणापासून. या घेतल्या की गप्प बसतात. तुम्हीच म्हणालात ना, थांबली भिंगरी?"

मावशींचा चेहरा उतरला. त्या त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी त्याची बोटे ओल्या फडक्यात धरून ठेवली.

आता इथे एक चूक झाली, आणि ती चांगल्या मनाने झाली. भिंगरी उठला, पट्टीतल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याने कातरणाच्या पोत्यात टाकल्या आणि म्हणाला, "आजपासून बंद. एकसुद्धा नाही." मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मालकांना त्यांनी एवढेच सांगितले, की हात निसटला. घरी त्याच्या बायकोलाही तेच सांगितले गेले. आता सुटलाच आहे तर कशाला गवगवा, असे दोघांना वाटले. मलाही वाटले. मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा निर्धास्त झाले.

तिसऱ्या दिवशी भिंगरी आला तो घामाने निथळत. हात थरथरत होते. सकाळची थंड हवा होती आणि याचा सदरा पाठीला चिकटला होता. "झोप नाही लागली दोन दिवस," तो मावशींना म्हणाला. "उजेड डोळ्यांत टोचतोय." तो पाणी प्यायला वळला आणि माझ्यासमोरच कोसळला. त्याचे सगळे अंग ताठ झाले, मग झटके येऊ लागले. त्याची टाच माझ्या लोखंडी पायावर आपटत होती, टक टक टक. मला काहीही करता येत नव्हते. मी माझ्या तीस वर्षांत एवढे कधी घाबरले नव्हते. पाते वर होते, बंद होते, कुणाचा हात खाली नव्हता, आणि तरी माणूस माझ्यासमोर हातचा चालला होता.

"त्याला धरू नका!" मावशी ओरडल्या. "जड वस्तू बाजूला करा! गाडी बोलवा कुणीतरी!" झटके थांबताच त्यांनी त्याला कुशीवर वळवले आणि त्याच्या डोक्याखाली आपली शिलाईची गादी सरकवली. मालक दारात उभे होते, पांढरेफटक.

गाडी त्याला घेऊन गेली. चार दिवस कुणी माझ्याकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी त्याची बायको त्याचा डबा न्यायला आली आणि माझ्यासमोर मावशींशी बोलत उभी राहिली, म्हणून पुढचे मला कळले.

"वाचला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, या गोळ्या आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत आणि आपल्या मनानं एकदम सोडायच्याही नाहीत. शरीराला सवय लागलेली असते. त्यांच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करायच्या. मला आधी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी नेलं असतं हो त्यांना."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "माझं चुकलं बाई. झाकायला नको होतं."

"आणखी एक सांगितलं. हे लक्ष न लागणं, विसरणं, एका जागी न बसणं, हा आळस नाही म्हणे. आजार आहे. लहानपणी कुणी ओळखला नाही. मोठ्या माणसांतही असतो, त्यावर इलाज असतो. ते ऐकून हे रडलेच. म्हणाले, म्हणजे मी मुद्दाम नव्हतो करत?"

मालक सगळे ऐकत होते. मला वाटले, आता म्हणतील की असला माणूस मला नको. त्यांनी तोंड उघडलेही. पण मावशींनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, मग माझ्या उजव्या बटणाकडे पाहिले. पुठ्ठ्याची घडी अजून तिथेच होती. मालक पुढे आले, त्यांनी ती उपसून काढली आणि फाडली. जाड होती, फाटेना, तरी फाडली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि त्याने माझी दोन्ही बटणे बदलली. आता त्यांत काही खोचता येत नाही.

भिंगरी दोन महिन्यांनी परत आला. आधी नुसत्या घड्या घालायच्या कामावर, मग हळूहळू माझ्याकडे, तेही अर्धाच दिवस. एक नियम ठरला. सकाळी आल्यावर त्याने मावशींना सांगायचे, आज डोके कसे आहे आणि काय घेतले आहे. खोटे बोलला तर मावशींना कळणार नव्हते. मला कळले असते, पण माझा काय उपयोग?

तो बराच बरा झाला. पाढेही परत आले. पण मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता सगळे गोड झाले, तर तसे नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी फार मोठे काम पडले होते. गठ्ठे छताला लागले होते आणि मालक सारखे घड्याळ बघत होते. भिंगरी आला, पण त्याने अंगात कामाचा कोट चढवला नाही. तो माझ्यापासून चार पावले लांब उभा राहिला.

"मावशी, आज मी मशीनवर नाही," तो म्हणाला. "काल एक घेतली. आईच्या पट्टीतली."

मालकांनी गठ्ठ्यांकडे पाहिले. मावशींनी हातातली शिलाई बाजूला ठेवली, आपले स्टूल ओढून त्याच्याजवळ नेले आणि म्हणाल्या, "बस. बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला फोन कर. मग डॉक्टरांना."

"तुम्ही ओरडणार नाही?"

"ओरडायचं नंतर बघू. आधी बस."

तो बसला. मालक भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझा खटका बंद केला. एवढे काम पडलेले असताना मी दिवसभर बंद उभे होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात, पण तुमच्या घरात मोठी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कुणी दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या गुपचूप घेताना दिसले, तर ते पोटात ठेवू नका. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. ती चहाडी होत नाही. आणि नेहमी धडपडणारे, विसरणारे, सारखे उठबस करणारे कुणी एके दिवशी अचानक शांत झाले, तर त्याला शाबासकी देण्याआधी जवळ जाऊन विचारा, "तुला बरं आहे ना?" मी बारा वर्षे त्याच्या इतके जवळ उभे होते आणि मला ते विचारता आले नाही. मला तोंड नाही, नुसते पाते आहे.